उजव्या हातास सप्रेम भेट

आमच्या घराण्यात डावरं कुणी नव्हतं, असं माझा भाऊ हर्षद छातीठोकपणे सांगतो. नव्हतं कसं, असणारच. पण लहानपणी हातावर चापट्या मारमारून त्यांना उजवं केलं असणार, आणि मग डावरं कुणी नाही म्हणायला आम्ही मोकळे. हर्षदची मुलगी शिवानी मात्र त्या चापट्यांना पुरून उरली. जेवण, प्रसाद, दुकानात पैसे देणं, वहीत लिहिणं, या सगळ्यासाठी तिने उजवा हात शिकवून तयार केला. पिस्तूल तेवढं पहिल्या दिवशी डाव्या हातात घेतलं. तिला कुणी टोकलं नाही, कारण मुलींनी पिस्तूल कुठल्या हातात धरावं याबद्दल आमच्याकडे तोवर काही ठरलेलंच नव्हतं.

मी नूतन, तिची आत्या. अलिबागला बँकेत नोकरी करते आणि तिथेच राहते. शिवानी गावाहून कॉलेजला येते, दुपारनंतर नेमबाजीच्या क्लबात जाते. क्लब म्हणजे एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची शेड. तिथे जीवन सर दहा मीटरवर कागदाचं टार्गेट लावून एअर पिस्तूल शिकवतात. यात बंदुकीची दारू नाही, आवाज फुटाण्याएवढा, आणि शिशाचा एकेक छर्रा भरून एकाच हाताने मारायचा. दुसरा हात खिशात.

एकाच हाताचा खेळ असल्यामुळे सगळं त्या पिस्तुलाच्या मुठीवर असतं. मूठ लाकडाची, हाताला बसेल अशी कोरलेली. अंगठ्याला एका बाजूला खाच, तळव्याखाली टेकायला पट्टी, बोटांना वळणं. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरणं म्हणजे उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घालून चढ चढणं. क्लबातल्या जुन्या पिस्तुलाची मूठ सरळसोट होती, दोन्ही हातांना सारखीच टोचायची. त्या टोचऱ्या पिस्तुलावर शिवानीने असे गुण काढले की जीवन सर म्हणाले, हिचं स्वतःचं पिस्तूल असतं तर ही जिल्ह्यातून पहिल्या तिघांत येऊन राज्याला गेली असती. तिला दुसरं काही नकोच होतं. झोपेतसुद्धा राज्याला जायची ती.

सरांचं हे वाक्य धर्माजी शेठच्या कानावर गेलं आणि आमच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

धर्माजी शेठ आमच्याच भावकीतले. उरणच्या बंदरावर त्यांचे ट्रेलर चालतात आणि जिल्हा परिषदेत जायची त्यांना घाई आहे. माणूस वाईट नाही. फक्त त्यांच्या हातून काहीही सुटलं की त्यावर त्यांचं नाव असावं लागतं. देवळाच्या घंटेवर आहे, एसटीच्या थांब्यावर आहे, महिला मंडळाच्या कळशांवर आहे. स्मशानातल्या बाकांवरसुद्धा 'धर्माजी शेठ यांजकडून सप्रेम भेट' असं लिहिलंय, आणि ती भेट परत करायला अजून कुणी आलेलं नाही.

त्यांनी जाहीर केलं की गावच्या लेकीला परदेशी पिस्तूल आपण देणार. मुंबईच्या दुकानदाराने त्यांना फोनवर सांगितलं, मूठ मापाची येते, पोरगी ज्या हाताने मारते तो हात कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून पाठवा. इतकं सरळ काम. पण आमच्याकडे सरळ काम सरळ होऊ देत नाहीत. त्याचा समारंभ झाला. शेठच्या आई येसूबाई ओवाळणीचं ताट घेऊन आल्या, पाट मांडला, पाटावर कोरा कागद, कागदाच्या कोपऱ्याला हळदकुंकू. शिवानीने डावा हात पुढे केला तेवढ्यात तिघे जण एकदम म्हणाले, "उजवा ग, उजवा." त्यात तिचा बाप सगळ्यात मोठ्याने. शुभकार्याला डावा हात पुढे करतात का? पोरीने मुकाट्याने उजवा हात ठेवला, शेठच्या माणसाने तो अगदी नीट आखला, नखंसुद्धा काढली.

मी त्या दिवशी बँकेत होते. मी असते तर तो पाट उलटा केला असता, असं मी पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगत फिरले.

दसऱ्याला पिस्तूल आलं. शस्त्रपूजेच्या पाटावर कोयता, विळा, हर्षदचे नट आवळायचे पाने आणि मधोमध ते निळं पिस्तूल, झेंडूची माळ घातलेलं. शेठनी भाषणात सांगितलं की याला लायसन लागत नाही, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा जरा पडला. लायसन लागलं असतं तर देणाऱ्याचं वजन वाढलं असतं. मग शिवानीने ते उजव्या हातात धरलं, फोटो निघाले आणि टाळ्या पडल्या.

"कसा बसतंय?" शेठनी विचारलं.

"बरोब्बर बसतंय," हर्षद म्हणाला. खोटं नव्हतं. तिच्या उजव्या हाताला ते इतकं बरोब्बर बसत होतं की त्या दुकानदाराचे हात धुऊन पाणी प्यावं.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. "आत्या, उजव्या हाताने मला पाटीवरपण मारता येत नाही ग. पाटीवर म्हणजे टार्गेटच्या लाकडी पाटीवर. छर्रे भिंतीत जातात."

मी दुकानदाराला फोन केला. बिचारा सज्जन निघाला. म्हणाला, त्यात काय, मूठ एका स्क्रूवर असते, तुम्ही उजवी पाठवा, मी डावी देतो, फक्त तिच्यावर काही ओरखडा नको. मी शिवानीला म्हटलं, झालं काम, मूठ काढ आणि दे. मग तिने मोबाईलवर फोटो पाठवला.

मुठीच्या रुंद बाजूवर, जिथे तळवा टेकतो तिथे, भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून मशिनने कोरून घेतलं होतं: 'चि. शिवानी हिस धर्माजी शेठ यांजकडून सप्रेम भेट, विजयादशमी.' वर कमळ, खाली दोन ठिपके. लग्नात मिळालेल्या डब्यावर असतं तसंच, शुद्धलेखनासकट. आता ती मूठ दुकानात परत कोण घेणार? आणि घेतली तरी गावात कोण देऊ देणार? आहेर परत करतात का कधी? तेही नाव घातलेला.

जीवन सरांकडे गेले. सर मोठे प्रशिक्षक, भिंतीवर स्वतःची चार प्रमाणपत्रं लावलेली. ते म्हणाले, "मॅडम, टेक्निकली तिचा डावा डोळा आणि डावा हात दोन्ही बळकट आहेत. बदलणं चूक आहे."

"मग हे शेठना सांगा."

"तसं बघितलं तर," सर छताकडे बघत म्हणाले, "उजव्या हाताचीही सवय होऊ शकते. वर्ष दोन वर्षांत." शेठ क्लबाला नवे पत्रे देणार होते. शेडचं छप्पर चक्रीवादळात उडालं तेव्हापासून ताडपत्रीवर चाललंय. सरांच्या तंत्रज्ञानाला तेवढं छप्पर पुरेसं होतं. क्लबाचं जुनं पिस्तूलही त्यांनी लगेच दुसऱ्या मुलाला देऊन टाकलं, कारण शिवानीला आता स्वतःचं होतं ना.

शेवटी मी भावाकडेच गेले. हर्षद उसरच्या कंपनीत फिटर आहे, आणि त्याला शर्यतीच्या बैलांचा नाद आहे. गोठ्यात बादल नावाचा बैल होता त्याचा, किनाऱ्यावरच्या शर्यतीत नाव काढलेला. तो त्याच्या पाठीवरून ब्रश फिरवत होता.

"बादल कुठल्या बाजूला जुंपतोस?" मी विचारलं.

"डावीला. तुला म्हायती हाय की."

"एकदा उजवीला जुंप ना. सवय होईल."

"येडी झालीस काय? डावीचा बैल उजवीला पलतो काय? गाडी समुद्रात घालल तो." आणि मग त्याच्या लक्षात आलं मी कुठे चालले आहे. ब्रश खाली ठेवून तो म्हणाला, "ताई, बैलाला गावात रावायचा नसतंय. मना रावायचाय. शेठनी येवढा मोठा मान केला पोरीचा. आता त्याला सांगू काय, तुझा आहेर आमच्या कामाचा न्हाय?"

"मान पोरीचा केला का स्वतःचा?"

"तू अलिबागला रावतेस. तुला काय फरक पडतंय."

हे मात्र मला लागलं. मी चहा न घेता निघाले, आणि आमच्यात चहा न घेता निघणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. तरी त्याने थांबवलं नाही.

मग मी जे केलं त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. दुकानदाराकडून डावी मूठ वेगळी विकत मागवली, शिवानीच्या डाव्या हाताची आखणी माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर काढून, हळदकुंकवाशिवाय. मूठ आली, पोरीने पिस्तुलाला बसवून हातात घेतली. नुसती डोळे मिटून उभी राहिली. अंगठा खाचेत गेला होता, तळवा पट्टीवर टेकला होता. म्हणाली, "आत्या, हे पिस्तूल मला धरतंय." मला रडू आलं. मी गॅस बंद करायच्या निमित्ताने वळले, गॅस चालू नव्हता.

तेव्हापासून आमची चोरी सुरू झाली. डावी मूठ माझ्या स्कूटरच्या डिकीत. शिवानी क्लबात आली की नावाची मूठ काढायची, डावी बसवायची, सराव करायचा, निघताना पुन्हा नावाची बसवायची. कारण घरी पिस्तूल काचेच्या कपाटात राहायचं आणि शेठकडचे पाहुणे ते बघायला यायचे. येसूबाई तर दर एकादशीला त्याला हार घालून जायच्या. जीवन सर हे सगळं बघायचे आणि ताडपत्रीकडे बघायचे. शिवानीचे गुण वाढत गेले. घरी सगळ्यांना वाटायचं उजव्या हाताने वाढताहेत, आणि शेठ चारचौघांत म्हणायचे, बघा, चांगल्या वस्तूने फरक पडतोच.

निवड स्पर्धेच्या आदल्या दिवशी हर्षदचा मला फोन आला. बऱ्याच दिवसांनी.

"ताई, ती डाव्या हातान मारते, व्हय?"

"कोण बोललं?"

"कोन न्हाय. काल टेबलावरचा पाना उचलून दिला तिनं मना, तवा बगितला मी. उजव्या हाताला घट्टे न्हाईत, डाव्याला हायत." फिटरची नजर आहे, नाकारून उपयोग नव्हता. तो पुढे म्हणाला, "उद्या शेठ येनार. तीस मानसा घेऊन. तिला सांग, एक दिस उजव्यान मार. एकच दिस. नंतर काय करायचा ते करा."

"त्या एका दिवशीच निवड आहे, हर्षद."

"मना म्हायती हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

स्पर्धा शहरातल्या एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर अजून थर्माकोलचं 'शुभविवाह' लटकत होतं आणि टार्गेटं त्याच्या खाली लावली होती. शेठ तीस नाही, चाळीस माणसं घेऊन आले, सगळ्यांना एका रंगाच्या टोप्या, सोबत फोटोग्राफर. पिस्तूल हर्षदने स्वतः पेटीतून आणलं होतं, नावाची मूठ पुसून, अंगारा लावून. शिवानीच्या हातात पेटी दिली आणि म्हणाला, "सांगितलाय तुला आत्यानं?"

"सांगितलंय," ती म्हणाली.

मी खरंच सांगितलं होतं. बापाचा निरोप जसाच्या तसा पोचवला होता, माझं एक अक्षर न घालता. ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

पिस्तुलं तपासायच्या टेबलाआधी एक बाक होता. शिवानी तिथे बसली, पेटी उघडली आणि माझ्याकडे हात केला. मी पर्समधून डावी मूठ काढून दिली. तिने छोटा षटकोनी पाना स्क्रूत घातला आणि फिरवला. पाना नुसताच फिरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. रोज दोनदा काढून घालून स्क्रूचं डोकं झिजलं होतं. तिच्या कपाळावर घाम आला. लाऊडस्पीकरवर नावं पुकारायला सुरुवात झाली होती, आणि पोरगी दात आवळून पाना दाबत होती. मला काही सुचेना. मला पैसे मोजता येतात, स्क्रू नाही.

हर्षद चार पावलांवर उभा होता. त्याला दिसत होतं ती काय करतेय. रागाने त्याचा चेहरा काळवंडला होता आणि तो एकदा शेठकडे बघत होता, एकदा तिच्याकडे. पाना तिसऱ्यांदा करकरला तेव्हा त्याचा चेहरा बदलला. तीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या माणसाला असा आवाज सहन होत नाही.

"आगं डोकं खाशील त्याचा. दे हिकडं."

त्याने पिस्तूल घेतलं, उजेडात धरून स्क्रू बघितला. "कोनी झिजवला हा? नवीन हाय पिस्तूल. किती येला काढलाय?"

"रोज," शिवानी म्हणाली.

"रोज?"

"क्लबात गेल्यावर एकदा. घरी यायच्या आधी एकदा."

हर्षद त्या झिजलेल्या स्क्रूकडेच बघत राहिला. पोरगी किती महिने काय करत होती आणि कुणासाठी करत होती, ते त्याला माझ्या भांडणातून कळलं नव्हतं. ते त्याला त्या स्क्रूत दिसलं. मग त्याने शिवानीच्या वेणीचा रबर मागितला, त्याचा तुकडा स्क्रूच्या तोंडावर ठेवला, वरून पाना दाबला आणि सावकाश फिरवला. स्क्रू सुटला. नावाची मूठ त्याच्या तळहातावर आली, कमळ वर करून.

आणि त्याच वेळी शेठ फोटोग्राफरला घेऊन तिथे पोचले.

"काय झाला रे?" त्यांनी विचारलं. "तुटला काय?"

"न्हाय शेठ." हर्षदने मूठ लपवली नाही. "ही मूठ पोरीच्या हाताला बसत न्हाय. ती डावरी हाय."

शेठनी शिवानीकडे बघितलं. "कवापासून?"

"जल्मापासून."

"मंग कागदावर हात कोनाचा काढला?"

"तिचाच. उजवा. मीच बोललू तिला, उजवा ठेव."

मला वाटलं आता चाळीस टोप्या उठून जातील, क्लबाचे पत्रे जातील, हर्षदची भावकी जाईल. शेठ इतकंच म्हणाले, "मंग आदी बोलायचा ना." आम्ही सगळ्यांनी इतके महिने ज्याची धास्ती घेतली होती ते एवढंच निघालं. मग त्यांना खरी काळजी सुचली. "आनि माझा नाव?"

हर्षदने नावाची मूठ त्यांच्यापुढे धरली आणि डावी पिस्तुलाला बसवायला घेतली. शेठनी ती दोन्ही हातांनी घेतली, पहिल्या रांगेत जाऊन बसले, मूठ मांडीवर उभी धरली आणि फोटोग्राफरला खूण केली. तो फोटो पुढे फ्लेक्सवर आला. त्यात शेठ आहेत, मूठ आहे आणि मागे अंधुक शिवानीची पाठ आहे.

पाठ आली याला कारण आहे. उजव्या हाताचे नेमबाज उजवा खांदा टार्गेटकडे करून उभे राहतात, म्हणजे सगळ्यांची तोंडं डाव्या भिंतीकडे. शेठच्या माणसांनी हे आधी विचारून घेतलं होतं आणि खुर्च्या मागे डाव्या अंगाला मांडल्या होत्या, फोटोत चेहरे यावेत म्हणून. रांगेतली नऊ मुलं आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. शिवानी एकटी उलट्या बाजूला तोंड करून. ज्या भिंतीकडे तिचं तोंड होतं तिथे कुणीच नव्हतं, नुसते कार्यालयाच्या गाद्यांचे ढीग होते.

चाळीस टोप्यांत कुजबुज सुरू झाली. पोरगी पाठ फिरवून उभी राहिली, शेठकडे पाठ, असं कुणीतरी म्हणालंही. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चूप झाला.

माझ्या शेजारी हर्षद बसला होता. तो उठला. त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि डोक्यावर धरून सगळ्या रांगांच्या मागून, लोकांना "जरा सरका, जरा सरका" करत, पलीकडे निघाला. शेठनी मान वळवून बघितलं. भावकीतल्या सगळ्यांनी बघितलं. हर्षदने कुणाकडे बघितलं नाही. गाद्यांच्या ढिगाशी जागा करून त्याने खुर्ची ठेवली, चारही पाय नीट टेकलेत का ते हलवून बघितलं आणि बसला.

शिवानीने पहिला छर्रा भरला, डावा हात खाली ठेवूनच मान वर केली, आणि बाप समोर दिसला. त्याने हात हलवला नाही, हसलासुद्धा नाही. फक्त तिला नीट दिसावं म्हणून खुर्ची थोडी पुढे ओढली. शेवटच्या छर्ऱ्यापर्यंत तो तिथेच होता.